कापूर : देवघरातला आणि प्रयोगशाळेतला

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, संप्लवन शिकवायचं म्हटलं की मी घरचा कापूरच वर्गात नेते. बाष्पनपात्रात कापराची पूड, वर उलटं नरसाळं, त्याच्या तोंडाला कापसाचा बोळा आणि खाली मंद आच. थोड्याच वेळात नरसाळ्याच्या आत पांढरे स्फटिक जमतात. स्थायूचा थेट वायू होतो, हे मुलं डोळ्यांनी बघतात.

मूळचा कापूर कापराच्या झाडाच्या लाकडातून मिळतो. आता बराचसा टर्पेंटाइनपासून तयार होतो. त्याच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. दुखऱ्या सांध्यांच्या मलमातही तो असतो.

यंदा एका मुलीने विचारलं, "बाई, हा खडीसाखरेसारखा दिसतो. खाल्ला तर?"

मी क्षणभर गप्पच झाले. माझ्या दोन वर्षांच्या भाच्याने एकदा आरतीच्या तबकातली वडी तोंडाशी नेली होती. ताईचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. तेव्हा आम्ही हसलो होतो. पण कापूर पोटात गेला तर लहान मुलाला काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. अशा वेळी घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका, तडक दवाखाना गाठा.

आता माझा प्रयोग या सूचनेनेच संपतो. तुम्हीही आज एवढं कराच : कापराची डबी घट्ट झाकण लावून वरच्या फळीवर ठेवा.