टेकडीवरच्या विहाराचे कुलूप

भांडुपला पश्चिमेकडे उतरून बाजारातून वाट काढत लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडला की पुढे चढ लागतो. घराला घर चिकटलेले, पायऱ्यांवर पायऱ्या. पावसाळ्यात त्या पायऱ्यांचा ओढा होतो. त्या चढावर आमचे लहानसे विहार आहे. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी; दार मात्र सागवानी. वस्तीतल्या जुन्या मंडळींनी वर्गणी काढून ते जुन्या बाजारातून आणले. दारातच बसवलेले, बोट जाईल एवढ्या भोकाचे कुलूपही त्याच्याबरोबर आले.

गेल्या आषाढात याच कुलपाने आम्हाला घोर लावला. हिशोबावरून कमिटीत दोन तट पडले. एका गृहस्थांनी रागाच्या भरात दार बंद केले आणि किल्ली घेऊन ते गावी निघून गेले. आषाढ पौर्णिमा चार दिवसांवर. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करायचे कुठे? दहावीची मुले संध्याकाळी विहारात अभ्यासाला बसतात, ती पायऱ्यांवर छत्री धरून बसली. बंद दारे आपल्याला नवीन नाहीत. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हाही दारे लावून घेतली होती. पण ती दुसऱ्यांनी लावली होती. इथे आपल्याच माणसाने आपलेच दार लावले, हे फार बोचले.

कुणी म्हणाले, पहारीने फोडू. महिला मंडळाच्या आजी म्हणाल्या, "दाराला हात लावाल तर खबरदार! एकेक रुपया जमवून आणलंय ते."

मग बाजारात बसणाऱ्या चावीवाल्या चाचांना आम्ही वर आणले. त्यांनी आधी विचारले, "कुलूप तुमचंच ना? चार माणसं उभी करा." हे आम्हाला आवडले. मग कमरेची कडी काढली. तिच्यात बारीक दांड्यांच्या किल्ल्या. तिसरी किल्ली फिरली आणि दार उघडले. अर्धे मिनिटही लागले नाही! इतकी वर्षे आम्ही या कुलपाच्या भरवशावर निर्धास्त झोपत होतो.

चाचांनी समजावून सांगितले. अशा जुन्या कुलपाच्या पोटात वळणदार पत्र्याच्या कडा उभ्या असतात. किल्लीच्या पानाला नेमक्या तिथेच खाचा असतात, म्हणून ती कडांना न अडखळता फिरते आणि टोकाने कुलपाची जीभ सरकवते. परकी किल्ली कडेला अडते. पण पान कानशीने घासून जीभ सरकवण्यापुरते टोकच ठेवले, तर अडायला उरतेच काय? अशी एक किल्ली कितीतरी कुलपांना चालते. गुरुकिल्ली हा शब्द आम्ही सभांतून किती वेळा टाळ्या घेत वापरला असेल! ती घासून घासून हडकलेली एवढीशी वस्तू असते, हे त्या दिवशी कळले.

लिव्हरच्या कुलपाला ही युक्ती चालत नाही. त्यात एकावर एक पट्ट्या असतात आणि किल्लीने प्रत्येक पट्टी तिच्या ठरल्या उंचीला उचलावी लागते. कमी उचलली तर अडते, जास्त उचलली तरी अडते. ही कल्पना इंग्लंडात रॉबर्ट बॅरन याने १७७८ साली काढली. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपे बनवायला सुरुवात केली. पुढे त्यांचा मोठा कारखाना विक्रोळीला उभा राहिला, भांडुपपासून दोन स्टेशनांवर.

आम्ही लिव्हरचे टाळे आणले, कोयंडा ठोकला. तीन किल्ल्या मिळाल्या. एक आजींकडे, एक अभ्यासाच्या मुलांकडे, एक कमिटीकडे. हिशोबाची वही टेबलावर उघडी ठेवायची, हेही त्याच बैठकीत ठरले. त्यावर मात्र दोन तास भांडण झाले.

महिन्याने ते गृहस्थ परतले. वाचन चालू होते. त्यांनी जुनी किल्ली मुकाट्याने टेबलावर ठेवली आणि मागे चटईवर बसले. आजींनी त्यांच्याकडे चहाचा कप सरकवला.

जुने कुलूप अजून दारातच आहे. काढायला गेलो तर लाकूड फुटेल, असे चाचा म्हणाले. पावसाची झड आत येऊ नये म्हणून मुलांनी भोकात कागदाचा बोळा कोंबला आहे.