हत्तीच्या पाठीवरचं घड्याळ

ऑनसाइटचा शेवटचा शनिवार. टीममधली सगळी पब्लिक शॉपिंगला पळाली आणि मी व्हिएन्नाच्या डोरोथेअरगास नावाच्या गल्लीत नुसताच काचा बघत हिंडत होतो. १७०७ साली बादशहा पहिल्या योसेफने काढलेलं डोरोथेउम इथेच आहे. सुरुवात गहाणखातं म्हणून, आता मोठं लिलावघर. त्यामुळे आजूबाजूला जुन्या वस्तूंची दुकानंच दुकानं.

एका काचेमागे हत्ती दिसला. वीतभर उंच, चांदीवर मीनाकारी, पाठीवर अंबारी आणि अंबारीत घड्याळ. १९व्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नात असल्या वस्तू पुष्कळ व्हायच्या. हत्ती म्हणजे आपल्याकडचाच, म्हणून कौतुकाने जवळ जावं तर झुलीवर सगळी ग्रीक मंडळी! एका बाजूला बैल झालेला झ्यूस युरोपाला पाठीवर घेऊन समुद्रातून क्रीटला निघालाय, दुसऱ्या बाजूला अपोलोचा चार घोड्यांचा रथ.

दुकानदार आजोबांना गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी हातात भिंगच दिलं. मीना म्हणजे मुळात काचेची पूड. धातूवर पसरायची आणि ८०० अंशांच्या आसपास भाजायची. निळ्यासाठी कोबाल्ट. जास्त उष्णता सोसणारे रंग आधी, नाजूक रंग शेवटी. म्हणजे युरोपाच्या गालावर लाली येईपर्यंत तो तुकडा कितीतरी वेळा भट्टीत जाऊन आलेला. आणि आतल्या, कुणालाच न दिसणाऱ्या बाजूलाही मीना चढवतात. नाहीतर थंड होताना काच आणि धातू वेगवेगळे आक्रसतात आणि चित्र तडकतं. अनडू नाही, बॅकअप नाही. आणि आम्ही शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करायला घाबरतो!

किंमत ऐकून भिंग परत केलं. तरी विचारलं, "चालतं ना?"

"चालतं. पण आतलं यंत्र मूळचं नाही. कुणीतरी ते काढून बॅटरीचं बसवलंय. म्हणून तर स्वस्त आहे."

असला मूर्खपणा कोण करतं, असं मी विचारणारच होतो. तोंडातच राहिलं.

आमच्या नाशिकच्या घरी लंबकाचं घड्याळ आहे, आजोबांच्या वेळचं. रविवारी सकाळी दाढी झाली की बाबा स्टुलावर चढून त्याला चावी द्यायचे. ते रोज पाचेक मिनिटं मागे पडायचं. मग त्यांच्या इंजिनियर मुलाने एका वीकेंडला, ते गावाला गेलेले असताना, आतलं मशीन काढून क्वार्ट्झचं टाकलं. लंबक आता नुसता शोभेला. बाबा परत आले, बघितलं, म्हणाले, "वा, वेळ बरोबर दाखवतंय की." पुढे ते स्टूल आईने स्वयंपाकघरात नेलं. मी पाच वर्षं ते वाक्य शाबासकी समजत होतो.

संध्याकाळी हॉटेलवरून फोन लावला.

"बाबा, त्या घड्याळाचं जुनं मशीन भंगारात गेलं का हो?"

"छे! माळ्यावर आहे. श्रीखंडाच्या डब्यात."

"आणि चावी?"

"चावी माझ्या कपाटात." थोडं थांबून म्हणाले, "कधी येतोयस?"