मोरजीच्या वाळूवरील पाहुणा

म्हापशाहून शिवोलीचा पूल ओलांडून चोपडे येथे आले, की डाव्या हाताचा रस्ता मोरजीस जातो. गावाच्या दक्षिण टोकाला, तेंब येथे, शापोरा नदी समुद्रास मिळते. पैलतीरी डोंगरावर जुना किल्ला उभा आहे.

ओहोटी लागली म्हणजे येथील ओल्या वाळूवर साळुंकीहून लहान, राखी-तपकिरी पक्षी दिसू लागतात. चार पावले धावावे, थबकावे, एक टोच मारावी आणि पुन्हा धावावे, ही त्यांची रीत. हाच तिबेटी वाळू-चिखल्या. त्याची चोच काळी व आखूड, पाय गडद राखी, पोट पांढरे. त्याच्यासोबत केंटिश चिखल्याही वावरतो. परंतु त्याच्या मानेमागे पांढरी पट्टी असते, याच्या नसते. मोठा वाळू-चिखल्या मात्र भल्याभल्यांस फसवितो. त्याची चोच अधिक लांब व दणकट, आणि पाय लांब व हिरवट असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

ऑगस्ट-सप्टेंबरात हे पाहुणे उतरू लागतात. एप्रिलच्या सुमारास त्यांच्या छातीवर विटकरी रंग चढतो, डोळ्यांवर काळी पट्टी उमटते. मग निघण्याची वेळ जवळ आली असे समजावे. त्यांचे घर हिमालयापलीकडील उंच पठारावर. तेथे उघड्या माळावर ते अंडी घालतात.

लहानपणी हा थवा दिसला, की आम्ही मुले टाळ्या वाजवीत धावत सुटत असू. सारा थवा एकदम वळे, पांढरी पोटे उन्हात चमकत. ते पाहण्यासाठी आम्ही त्यांना पुनःपुन्हा उठवीत असू. भरतीच्या वेळी त्यांची चरण्याची जागा पाण्याखाली जाते, म्हणून ते कोरड्या वाळूवर विसावतात, हे तेव्हा कोणास ठाऊक होते? प्रत्येक उड्डाणात त्यांची थोडी चरबी जळते, आणि त्याच शिदोरीवर त्यांना पर्वत ओलांडावयाचा असतो. आज तर मोकाट कुत्री आणि माणसांची वर्दळ त्यांस क्षणभर टेकू देत नाही.

गेल्या डिसेंबरात धाकटा भाचा थव्याकडे धावू लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला. पन्नास पावलांवर आम्ही दोघे वाळूत बसलो. बऱ्याच वेळाने तो माझ्या कानाशी लागला, "मामा, ते एका पायावर झोपलेत."

पाणी ओसरू लागले, तसे ते एकेक करून आपणच खाली उतरले.