रान कोणाच्या हातून गेलं?

चि. मुक्ता हिस,


भारतीय भाषांमधल्या निसर्गचित्रणावर तू निबंध लिहिते आहेस, हे ताईकडून कळलं. सुंदर वर्णनांचे उतारे जमवण्याआधी विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची ‘आरण्यक’ ही बंगाली कादंबरी सबंध वाच, एवढ्यासाठी हे पत्र.

विभूतिभूषण १९२०च्या दशकात भागलपूरकडे एका जमीनदारी इस्टेटीत नोकरीला होते. तिथल्या अनुभवातून उतरलेली ही कादंबरी १९३९ साली पुस्तकरूपाने आली. तिचा निवेदक सत्यचरण हा कलकत्त्यातला बेकार पदवीधर. बिहारमधल्या हजारो बिघे रानाचा मॅनेजर होऊन तो जातो. सुरुवातीला तिथला एकांत त्याला खायला उठतो. पुढे चांदण्यात घोड्यावरून फिरताना रानाचं असं वेड लागतं, की शहर नकोसं होतं. त्याचं काम मात्र तेच रान तोडून कुळांना जमीन लावून देण्याचं, सलामी (जमीन लावून देताना घ्यायची रक्कम) आणि खंड वसूल करण्याचं.

ते काम तो पार पाडतो.

या कादंबरीतलं रान माणसांनी भरलेलं आहे. चिना या भरड धान्याचे दाणे खाऊन दिवस काढणाऱ्या तिथल्या गरिबांना भात म्हणजे चैन वाटते. रानरेड्यांना शिकाऱ्यांपासून वाचवणारा टांडबारो नावाचा देव त्यांच्या श्रद्धेत आहे. राज्य गेलेला संथाळ राजा दोबरू पन्ना गुरं राखतो. युगलप्रसाद तर कुठून कुठून रोपं आणून सरस्वती कुंडाच्या काठी लावत राहतो. त्यातून त्याला एक पैसाही मिळायचा नसतो. रान जातं तेव्हा या सगळ्यांचं काय होतं, हे विभूतिभूषण पाहायला लावतात. आणि दोष परक्या कोणावर टाकत नाहीत. रानावर जीव लावणाऱ्या निवेदकाच्याच हातून ते तुटतं.

मग शेजारी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ठेव. औंध संस्थानातल्या माणदेशी धनगरवाडीत उलट घडतं. वाडी तिथल्या शाळामास्तरांसोबत राबून तालीम उभी करते, पुढे दुष्काळ पडतो आणि मेंढरांसकट माणसंच गाव सोडतात. तिकडे वस्तीने रान संपवलं, इकडे न आलेल्या पावसाने वस्ती.

निबंधात या दोन कादंबऱ्या समोरासमोर घे. जमीन कोणाच्या नावावर, तिच्यावर जगतं कोण आणि निघून कोणाला जावं लागतं, हे प्रत्येकीत शोध. कच्चा खर्डा झाला की पाठव, मी मन लावून वाचेन.

तुझी,
मावशी