मिसळणाचा डबा आणि संगणक

फोडणी करताना आपण मिसळणाच्या डब्याकडे बघतो का हो? तेल तापलं की हात आपोआप मोहरीच्या वाटीकडे जातो, मग हिंग, मग हळद. पण रोज कुणी त्या वाट्यांच्या जागा बदलल्या तर? संगणकावर माझं नेमकं असंच होत होतं.

मुलं मोठी झाल्यावर मी घरबसल्या दोन दुकानांचे हिशेब लिहायला घेतले. पडद्यावर एका खिडकीत बिलं, दुसरीत हिशेबाचा तक्ता. 'ऑल्ट' धरून 'टॅब' दाबलं की एकीतून दुसरीत जाता येतं, एवढं मला ठाऊक होतं. एकदा मध्येच कापडवाल्यांचा फोन आला म्हणून त्यांचा तक्ता उघडून पाहिला, परत बिलांवर आले, 'ऑल्ट-टॅब' केलं आणि किराणा दुकानाची १८ बिलं कापडवाल्यांच्या तक्त्यात भरून मोकळी झाले!

दुकानदार रागावले नाहीत. "ताई, झेपत नसेल तर सांगा," एवढंच म्हणाले. पण ते फार लागलं. रात्री घास उतरेना.

सूनबाई म्हणाली, "आई, 'ऑल्ट-टॅब' शेवटी पाहिलेली खिडकी आधी आणतं. म्हणून क्रम सारखा बदलतो." मग तिने खालच्या पट्टीवरची चित्रं ओढून माझ्या सोयीने लावली आणि तिथेच पक्की केली. पहिलं बिलांचं, दुसरं तक्त्याचं, तिसरं इंटरनेटचं. आता 'विंडोज'ची कळ धरून १ दाबलं की बिलं, २ दाबलं की तक्ता. ही सोय २००९ सालच्या 'विंडोज ७' पासून आहे, आणि मला पत्ताच नाही!

मात्र मैत्रिणींनो, एक लक्षात ठेवा. एकाच प्रकारचे दोन तक्ते उघडे असले तर दोन्ही एकाच आकड्याखाली येतात. म्हणून एका दुकानाचा तक्ता बंद केल्याशिवाय दुसऱ्याचा उघडायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. त्यानंतर तशी चूक झालेली नाही.

नवी नवरी असताना सासूबाईंच्या डब्यातल्या वाट्या हलवायची माझी छाती नव्हती. एक दिवस त्याच म्हणाल्या, "अगं, हात तुझा, तुझ्या सोयीने लाव." संगणकाच्या बाबतीत तेच सांगायला मला सून यावी लागली!