जिनोआ : सावकारांचे बंदर

इटलीच्या सहलीत रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस ही त्रयी ठरलेली असते. जिनोआ बहुधा वगळले जाते. पर्यटन कंपन्यांचा हा निर्णय मला पटत नाही. निदान ज्याचे आयुष्य जमा-नावे लिहिण्यात गेले, त्याने तरी हे शहर चुकवू नये.

मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर, अशी येथील रचना. शेतीला जमीन नाही, म्हणून लोक समुद्रावर गेले. जहाजांना भांडवल लागते, म्हणून ते सावकार झाले. एम.कॉम.च्या अभ्यासात द्विनोंदी पद्धत म्हटली की लुका पाचोली यांच्या 1494 मधील ग्रंथाचे नाव येई. परंतु जिनोआच्या नगरशासनाच्या 1340 सालच्या खतावण्या त्याच पद्धतीने लिहिलेल्या आहेत. त्यांत मिरीचे एक स्वतंत्र खाते आहे आणि ते तोट्यात बंद झाले आहे!

जुन्या बंदरासमोर सान जॉर्जो प्रासाद उभा आहे. समुद्राकडील भिंतीवर अजगराशी झुंजणाऱ्या संत जॉर्जचे भव्य चित्र आहे. 1260 साली बांधलेली ही वास्तू पुढे तुरुंग म्हणूनही वापरली गेली. व्हेनिसशी झालेल्या युद्धात कैद झालेल्या मार्को पोलोने आपला प्रवासवृत्तांत सहकैदी रुस्तिचेल्लोला येथेच सांगितला, अशी परंपरा आहे. मला मात्र 1407 सालाचे अधिक अप्रूप वाटले. युद्धांमुळे प्रजासत्ताक कर्जात बुडाले होते. तेव्हा धनको एकत्र आले आणि थकलेल्या कर्जापोटी त्यांनी जकात व कर वसूल करण्याचा हक्कच सरकारकडून घेतला. कर्जाचे शंभर-शंभर लिरांचे भाग पाडण्यात आले. हे भाग विकता येत, वारसांना ठेवता येत, मुलीच्या हुंड्यातही देता येत. पुढे त्यांवर ठरावीक व्याजाऐवजी वसुलीनुसार कमी-अधिक लाभ मिळू लागला. राज्यकर्ते बदलत राहिले, फ्रेंच आले, मिलानचे आले; सान जॉर्जोचे हिशेब मात्र चालूच राहिले. मॅकियाव्हेलीसारख्या चिकित्सकानेही या संस्थेची प्रशंसा केली आहे. 1502 साली कोलंबसाने आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा या संस्थेला देऊ केला, तो शहरातील अन्नधान्यावरील जकात कमी व्हावी म्हणून. नेपोलियनच्या अमलाखाली 1805 मध्ये संस्था बंद झाली. सुमारे चारशे वर्षे!

या खात्याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. 1453 मध्ये शासनाने कॉर्सिका बेट आणि काळ्या समुद्रावरील काफ्फा ही वसाहत या संस्थेच्या हवाली केली. काफ्फा हे गुलामांच्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. माणसांची तेथे खरेदी-विक्री चाले आणि त्यावर रीतसर कर आकारला जाई. हिशेब अचूक होता, एवढ्याने तो शुद्ध ठरत नाही. प्रासादातील दालनांत दात्यांचे पुतळे आहेत; मोठी देणगी देणारा बसलेला, त्याहून कमी देणारा उभा. काफ्फाच्या बाजारात विकल्या गेलेल्यांचा पुतळा अर्थातच नाही.

येथून चढ चढून गेले की स्त्रादा नुओवा, म्हणजे आजचा व्हिया गारिबाल्दी, हा रस्ता लागतो. सोळाव्या शतकातील धनाढ्यांचे प्रासाद दुतर्फा उभे आहेत. राजवाडा नसलेल्या या प्रजासत्ताकाने 1576 पासून अशा प्रासादांच्या प्रतवार याद्या केल्या. परदेशी पाहुणा आला की चिठ्ठी टाकून यजमान ठरे! अशा 42 प्रासादांना 2006 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सर्वांत भव्य तुर्सी प्रासाद स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या प्रमुख सावकाराने, निकोलो ग्रिमाल्दीने, बांधावयास घेतला. फिलिपने 1575 मध्ये परतफेड थांबवली आणि जिनोआचे सावकार हादरले. एकाच मोठ्या कर्जदारावर भिस्त ठेवू नये, हे आम्हांला प्रशिक्षणात शिकवीत. ग्रिमाल्दीला कोण शिकवणार? 1597 मध्ये प्रासाद डोरिया घराण्याकडे गेला. आज तेथे नगरपालिका आहे आणि पागानिनीचे व्हायोलिनही तेथेच जपले आहे.

सान लोरेन्झो कॅथीड्रलमध्ये 9 फेब्रुवारी 1941 च्या ब्रिटिश माऱ्यात आत येऊन पडलेला, पण न फुटलेला तोफगोळा ठेवला आहे. भोवतीच्या अरुंद गल्ल्यांत शाकाहारी प्रवाशाची उपासमार होत नाही. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ व ऑलिव्हचे तेल एवढ्याचीच भट्टीत भाजलेली फारिनाता मिळते. ती आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते. येथील प्रसिद्ध पेस्तोत मात्र लसूण असतो, आधी विचारून घ्यावे.

बंदराच्या पश्चिमेस 1543 सालचे लांतेर्ना दीपगृह आजही जहाजांना वाट दाखवते. त्याच्या उत्तरेस, पोल्चेव्हेरा नदीवर, 14 ऑगस्ट 2018 रोजी मोरांदी पूल कोसळून 43 माणसे मृत्युमुखी पडली. त्या महामार्गाची टोलवसुली खासगी कंपनीकडे होती. वसुलीचा हक्क घेणाऱ्याने देखभालीचा भार किती उचलावा, हा प्रश्न मग न्यायालयात गेला. याच गावचे वास्तुविशारद रेन्झो पियानो यांच्या आराखड्यानुसार ऑगस्ट 2020 मध्ये तेथे नवा पूल खुला झाला. त्याचे नाव सान जॉर्जो.