दिव्यातून वीज परत कुठून जाते?

मल्टिमीटरवरचा आकडा पाहून मी पिकअपच्या हौद्याखालीच ओरडलो! गाडी जुनी, मागची वायरिंग उंदरांनी कुरतडलेली. तुटलेल्या वायरी जोडून झाल्या, फ्यूज शाबूत, बल्ब नवा. तरीही इंडिकेटर लावला की शेजारचा लाल दिवा त्याच्याबरोबर मिणमिणायचा. होल्डरमध्ये वीज तर पोचत होती!

मेस्त्री म्हणाले, "दिवे चालू ठेवा. आता मीटरचं एक टोक होल्डरच्या पत्र्याला लावा, दुसरं बॅटरीच्या मायनसला." तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आले 2 व्होल्टच्या वर!

म्हणजे बल्बच्या वाट्याची वीज परतीच्या वाटेवरच खर्च होत होती. गाडीत दिव्याकडे जाते ती एक वायर. परतायचं ते चासीच्या लोखंडातून. तिथे एका बोल्टखाली गंज चढला, की वीज दुसरी वाट शोधते, शेजारच्या फिलामेंटमधून उलटी घुसते, आणि नको तो दिवा लागतो. काय सुंदर उलगडा आहे हा! आणि दिवे बंद ठेवून मोजलं तर यातलं काहीच दिसत नाही. मीटर स्वतः जेमतेम करंट घेतो, त्यामुळे वायरीत एकच तार शिल्लक असली तरी तो ऐटीत 12 व्होल्ट दाखवतो.

मग मी हेडलाइटकडे धावलो. दोन्ही दिव्यांचा मिळून 9 अँपिअरच्या आसपास करंट, अर्थिंगला 0.1 ओहमचा अडथळा आला तरी जवळपास 1 व्होल्ट गेला. हॅलोजनचा व्होल्टेज 10 टक्के घटला तर उजेड सुमारे 30 टक्के घटतो!

पॉलिश पेपरने बोल्टखालचा पत्रा चकचकीत केला, नवा थिंबल कसला, वरून ग्रीस. कुरतडलेल्या वायरी पुन्हा उघडल्या, तर तांबं आतपर्यंत हिरवं कळकलेलं. लालसर तांबं लागेपर्यंत कापायचं, नवा तुकडा सोल्डर करायचा, स्लीव्ह चढवायची आणि वायर क्लिपने बांधायची, म्हणजे हादऱ्यांनी सांध्यापाशी तुटत नाही. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळणं मला आता बघवत नाही.

उद्या इंजिन आणि चासीमधली अर्थची जाड पट्टी तपासणार. स्टार्टर 100 अँपिअरहून जास्त करंट ओढतो. ती पट्टी तुटली तर तो करंट क्लचच्या केबलमधूनही वाट काढू शकतो, आणि केबल तापून जळते. क्लचची केबल, विजेमुळे!